दुसरी लाइन

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की दरवर्षी मला दोन-तीन फोन हमखास येतात. "अरे, आईबाबा आलेत इकडे. वेगास, झायन, ग्रँड कॅन्यन असं करायचं म्हणतोय. तू केलंयस ना? ती तुझी एक्सेल शीट पाठव की."

शीट मी लगेच पाठवतो. तिची थोडीफार कीर्ती आहे मित्रमंडळींत. सात टॅब आहेत: विमान, हॉटेल, गाडी, रस्ते, खाणं, सामान आणि खर्च. रंग भरलेले, फॉर्म्युले लावलेले. बायको त्याला 'रिलीज प्लॅन' म्हणते आणि मी ते कौतुक समजून घेतो.

पण शीटबरोबर एक गोष्टही सांगायची असते. ती फोनवर नीट सांगता येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला मोठी होते. म्हणून म्हटलं, आज लिहूनच टाकावी. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल :)

तर झालं असं, की २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघं निघालो. मी, बायको, आई आणि बाबा. आईबाबा ऑगस्टमध्येच पुण्याहून न्यू जर्सीला आले होते. बाबा एकाहत्तर वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. मधुमेह पंधरा वर्षांचा जुना. रोज दोन वेळा इन्सुलिन, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. कुठलंही पथ्य तोडत नाहीत आणि कुणाला त्रास देत नाहीत. हा दुसरा गुण किती धोक्याचा आहे ते पुढे येईलच.

नेवार्कहून लास व्हेगासला सरळ विमान होतं. पण डेन्व्हरला बदलून गेलं, तर चार तिकिटांमागे पावणेचारशे डॉलर वाचत होते. खर्चाच्या टॅबमध्ये तो आकडा हिरवा झाला आणि मी डेन्व्हर घेतलं. मधला वेळ सव्वा तास. पुरेसा वाटला.

निघायच्या आदल्या रात्री सामान भरताना मी एक सुधारणा केली. आमच्या धंद्यात याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. आईच्या खांद्याला एक पर्स आणि हातात एक जाडजूड थंड पाऊच होता, आत बर्फाच्या जेलची पिशवी आणि इन्सुलिनची बाटली. पुण्याहून येताना तिने तो पाऊच अख्खा प्रवास मांडीवर धरला होता. बाथरूमला जातानासुद्धा बाबांच्या हातात देऊन जायची.

मी म्हटलं, "आई, कशाला हातात ओझं? माझ्या केबिन बॅगेत टाक. ती बॅग आपल्याबरोबरच असणार आहे."

"राहू दे रे माझ्याकडे. मला सवय आहे."

"अगं, हातात जितक्या कमी वस्तू तितकं बरं. सुटसुटीत."

आईने पाऊच दिला. ग्लुकोमीटर आणि सिरिंजचा छोटा डबा मात्र तिने पर्समध्येच ठेवला. तो इतका लहान होता की मला सुधारायला सुचला नाही.

नेवार्कला आमचा बोर्डिंग गट शेवटून दुसरा. स्वस्तातलं तिकीट म्हटल्यावर तसंच असतं. दाराशी पोचेपर्यंत वरचे कप्पे भरले होते. गेटवरच्या बाईंनी माझ्या बॅगेला थेट लास व्हेगासचा टॅग लावला आणि सरावाच्या आवाजात सांगितलं, "पॉवर बँक, बॅटऱ्या, औषधं, काही असेल तर काढून घ्या."

मी नियम जाणणारा माणूस. लिथियमच्या बॅटऱ्या विमानाच्या पोटात चालत नाहीत हे शीटमध्ये लाल अक्षरात आहे. मी तत्परतेने बॅग उघडली, पॉवर बँक काढली, लॅपटॉप काढला, चेन लावली आणि बॅग देऊन टाकली.

औषध हा शब्द मी ऐकला होता. पण माझ्या डोक्यात औषध म्हणजे क्रोसिन. इन्सुलिनचा पाऊच म्हणजे 'आईचं सामान'.

विमान तासभर उशिरा सुटलं. डेन्व्हरला उतरलो तेव्हा पुढच्या विमानाला वीस मिनिटं होती. आम्ही धावलो. बाबा धावले नाहीत, पण झपाझप चालले. दार बंद होता होता आत शिरलो. माझा जीव भांड्यात पडला. बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, सव्वा तास ठेवला म्हणून जमलं!"

माणसं पोचली. बॅग नाही पोचली.

लास व्हेगासला पावणेनऊ वाजता पट्ट्यावर आमची मोठी सूटकेस आली. ती कशी आली ते देवाला ठाऊक. केबिन बॅगचा पत्ता नाही. विमान कंपनीच्या खिडकीवर टॅगची पावती दाखवली. तिथल्या मुलाने स्क्रीनवर पाहून सांगितलं, "डेन्व्हरला आहे. उद्या दुपारपर्यंत हॉटेलवर पोचवू." मला वाटलं, चला, काय एवढं, चार शर्ट आणि चार्जर.

मागे वळलो तर आई खुर्चीत बसलेली. चेहरा उतरलेला. "अरे, त्यात ह्यांची बाटली आहे."

बाबा लगेच म्हणाले, "असू दे गं. एक रात्र नाही घेतलं म्हणून काही होत नाही."

न्यू जर्सीच्या हिशेबाने तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. संध्याकाळचं इंजेक्शन राहिलेलं आणि विमानात एक सँडविच झालेलं. आईने तिथेच खुर्चीवर मीटर काढून बाबांची साखर पाहिली. तीनशे बारा.

आता गाडी. लास व्हेगासला भाड्याच्या गाड्यांची इमारत विमानतळापासून वेगळी आहे, शटल बसने जावं लागतं. गाडी साडेसहाची बुक केली होती, पण बुकिंग करताना विमानाचा नंबर दिला होता म्हणून ती सोडून दिली नव्हती. त्या सगळ्या संध्याकाळीत माझी तेवढी एक गोष्ट बरोबर ठरली. रांगेत तीस-चाळीस माणसं. माझी पाळी आली तेव्हा माझं अर्धं लक्ष खुर्चीत बसलेल्या बाबांकडे. काउंटरवरचा माणूस एकेक विचारत होता आणि मी नाही, नाही म्हणत सुटलो होतो. जादा विमा? नाही. पेट्रोल आधी भरून? नाही. दुसरा ड्रायव्हर? दिवसाला पंधरा डॉलर? नाही. सगळीकडे मीच चालवणार होतो. शीटमध्ये तसंच होतं.

माझा स्वतःचा कार विमा भाड्याच्या गाडीला लागू होतो हे मी आधी फोन करून विचारलं होतं, म्हणून पहिला 'नाही' शहाणपणाचा. पेट्रोल भरून परत देणं स्वस्त, म्हणून दुसराही ठीक. तिसऱ्या 'नाही'ची किंमत तीन दिवसांनी कळली.

गाडी ताब्यात घेतली, बायकोने मोबाइलवर चारी बाजूंनी व्हिडिओ काढला आणि आम्ही सरळ रात्रभर उघडं असणारं औषधांचं दुकान गाठलं.

हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत आजकाल जी नवी इन्सुलिनं जास्त लिहून देतात त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण जुन्या पद्धतीचं ह्यूमन इन्सुलिन बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळतं, फार्मासिस्टकडे मागावं लागतं इतकंच. काही मोठ्या दुकानांत पंचवीस डॉलरच्या आसपास बाटली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटत होतं की आता इमर्जन्सीत जावं लागणार आणि किती हजारांचं बिल येणार. काउंटरमागे एक वयस्क बाई होत्या. मी माझी धडाधड इंग्रजी सुरू केली तर त्यांनी विचारलं, "औषधाचं नाव काय?"

मला नाव माहीत नव्हतं.

पंधरा वर्षं माझे वडील जे औषध दिवसातून दोनदा घेतात त्याचं नाव मला माहीत नव्हतं. आईने पुण्यातल्या ब्रँडचं नाव सांगितलं, ते त्या बाईंना कळेना. तेवढ्यात बाबांनी खिशातली छोटी डायरी काढली. ती ते वर्षानुवर्षं वापरतात, दर जानेवारीत नवी. शेवटच्या पानावर स्वच्छ अक्षरात, मराठीत आणि खाली इंग्रजीत: ह्यूमन इन्सुलिन ३०/७०, सकाळी २० युनिट, रात्री १४ युनिट, डॉक्टरांचं नाव, दवाखान्याचा फोन.

बाईंनी खोकं आणून ठेवलं. त्यावर ७०/३०. मी म्हटलं, "हे उलटं आहे!" त्या हसल्या. तेच मिश्रण आहे, तुमच्याकडे जलद भाग आधी लिहितात, आमच्याकडे संथ भाग आधी.

मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "सिरिंज आहेत ना?"

"आहेत की," म्हणत आईने डबा उघडला. पुण्याहून आणलेल्या सिरिंज, लाल टोपीच्या.

बाईंनी एक सिरिंज उचलली, चष्मा वर सरकवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, आणि सगळा डबा आपल्या हाताखाली ओढून घेतला.

मंडळी, पुढचं नीट वाचा, कारण मी हे लिहायला बसलो त्याचं अर्धं कारण हे आहे. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बऱ्याचदा एका मिलिलिटरला ४० युनिट ताकदीच्या असतात आणि त्यांच्या सिरिंजही त्याच मापाच्या, लाल टोपीच्या. अमेरिकेत बाटली एका मिलिलिटरला १०० युनिटची आणि सिरिंज नारिंगी टोपीची. दोन्ही सिरिंजवर आकडे 'युनिट' म्हणूनच छापलेले. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये आईने नेहमीप्रमाणे चौदाच्या खुणेपर्यंत अमेरिकेतलं औषध भरलं असतं, तर बाबांच्या पोटात चौदाच्या जागी पस्तीस युनिट गेले असते. अडीचपट. रात्री झोपताना. साखर झोपेत खाली कोसळली असती आणि आम्ही शेजारच्या खोलीत उद्याचा रस्ता बघत बसलो असतो.

आईने काही चूक केली नसती. पंधरा वर्षं करते तेच केलं असतं.

रात्रीचे सव्वादहा वाजले होते. आईने मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिकडे पावणेअकरा झाले सकाळचे. डॉक्टर दवाखान्यात असतील." आईने अमेरिकेत येऊन घड्याळ बदललंच नाही. तिचं म्हणणं, वेगासला बदलायची गरजच नाही. काटे अर्धा तास पुढे, रात्रीचा दिवस करायचा, झालं. साडेबारा तासांचा फरक असल्यामुळे ते खरोखर तसंच आहे! माझ्या शीटमध्ये टाइम झोनसाठी एक फॉर्म्युला होता.

डॉक्टर फोनवर आले. आकडा विचारला, किती वाजता काय खाल्लं ते विचारलं, फार्मासिस्टबाईंशी दोन मिनिटं बोलले. उशीर झाल्यामुळे त्या रात्रीपुरती मात्रा कमी करून दिली, रात्री दोनला साखर तपासायला सांगितली, आणि म्हणाले, "त्या जुन्या सिरिंज आत्ता माझ्यासमोर कचऱ्यात टाका. दोन्ही प्रकार एका डब्यात नकोत." टाकल्या. नारिंगी टोपीचं पाकीट घेतलं.

दोन वाजता मी गजर लावून उठलो तर बाबा जागेच होते. साखर एकशे शहाऐंशी. ठीक. आई झोपली होती. खिडकीतून खाली वेगासचे दिवे. बाबा बराच वेळ ते दिवे बघत होते. म्हणाले, "किती लोड असेल रे?"

मग थोड्या वेळाने: "तुझ्या त्या तक्त्यात रकाने किती आहेत?"

मी म्हटलं, आहेत बारा-तेरा.

"'हे गेलं तर' असा एक आहे का?"

मी काही बोललो नाही.

"आमच्याकडे सबस्टेशनला दोन बाजूंनी लाइन असायची. एक बंद पडली की दुसरीवरून द्यायची. लोकांना वाटायचं, दुसरी लाइन फुकट पडून आहे, पैसा वाया. वर्षातून दोनदा लागायची. पण त्या दोन वेळा हॉस्पिटल अंधारात जात नसे."

गंमत म्हणजे मी ऑफिसात याच कामाचे पैसे घेतो. एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने उचलायचं, एक डिस्क गेली तर दुसरीवर प्रत असायची. कुणी ज्युनियरने सगळा डेटा एकाच ठिकाणी ठेवला तर मी त्याची हजेरी घेतो. आणि घरी मी आईच्या हातातली वेगळी पिशवी काढून स्वतःच्या एका बॅगेत टाकली आणि त्याला सुटसुटीत म्हटलं. ती पिशवी म्हणजेच दुसरी लाइन होती.

दुसऱ्या दिवशी बॅग दुपारी दोनला आली. बाटली दिसायला ठीक होती, पण विमानाच्या पोटात किती गार पडली असेल सांगता येत नाही, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी असतं. टाकून दिली. तीनला निघालो. नेवाडातून यूटाला जाताना घड्याळ एक तास पुढे जातं हे शीटमध्ये होतं, पण अंधार पडायच्या आत झायन दिसेल ही आशा उशिरा निघाल्यामुळे संपली होती. बाबा म्हणाले, सकाळी बघू, डोंगर कुठे जातात. सकाळी बघितले. कुठे गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी पेज नावाच्या गावी मला मायग्रेन उठलं. ज्यांना होतं त्यांना सांगायला नको, डोळे उघडवत नाहीत. अँटेलोप कॅन्यनचं बुकिंग अकराचं, पैसे भरलेले. बायकोकडे लायसन्स आहे, ती माझ्यापेक्षा बरी चालवते. पण करारावर तिचं नाव नव्हतं. करारात नसलेल्या माणसाने गाडी चालवली आणि काही झालं, तर गाडी कंपनीकडून घेतलेलं संरक्षण सहसा उडतं, आणि आपला विमाही हात वर करू शकतो. कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "नाव घालता येईल, पण त्यांना लायसन्स घेऊन काउंटरवर यावं लागेल." पेजमध्ये त्यांचं काउंटर नव्हतं. वर आणखी म्हणाल्या, "आणि नवराबायकोला आम्ही जादा पैसे लावत नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर फुकटच झालं असतं."

मी पडदे ओढून पडून राहिलो. बायको म्हणाली, "दहा मिनिटांचा तर रस्ता आहे, जाऊ का?" आणि तिनेच पुढे उत्तर दिलं, "नको. परवा एक झालंय तेवढं पुरे." अँटेलोप कॅन्यन आईबाबांनी पाहिलं नाही. पैसे गेले. त्या दिवशी ती दोघं हॉटेलच्या अंगणात बसून डबल पत्ते खेळली आणि आईने बाबांना तीनदा हरवलं. आई म्हणते, तो दिवस चांगला गेला. पण ते आईचं मन आहे, माझ्या तयारीचं श्रेय नाही.

असो. आता ज्यासाठी लोक शीट मागतात ते. सात टॅबपैकी बऱ्याच गोष्टी तुम्हाला माहीत असतील. मी फक्त नव्या रकान्यातलं लिहितो. रकान्याचं नाव 'हे गेलं तर?'

औषध. रोजचं औषध दोन ठिकाणी, दोन माणसांच्या अंगावर. बॅगेत नाही, अंगावर. खांद्याच्या पर्समध्ये किंवा कमरेच्या पाऊचमध्ये, जे गेटवर कुणी मागणार नाही. सुरक्षा तपासणीत द्रव औषधाला १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नसते, औषध थंड ठेवायची जेलची पिशवीही चालते, फक्त तिथल्या अधिकाऱ्याला आधी सांगायचं. गाडी उन्हात उभी असताना औषध आत ठेवायचं नाही, वाळवंटात तर नाहीच. कागदावर औषधाचं मूळ नाव लिहायचं, ब्रँडचं नाही. इन्सुलिन असेल तर युनिटबरोबर बाटलीची ताकदही, ४० की १००. आणि भारतातून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना एवढं विचारा: तिकडचं घ्यायची वेळ आली तर काय? मी डॉक्टर नाही. मी फक्त एका रात्री वाचलेला मुलगा आहे.

गेटवर बॅग गेली तर. बॅग देण्याआधी एक मिनिट थांबायचं. मागची रांग थांबते, थांबू दे. बॅटऱ्या, औषधं, पासपोर्ट, किल्ल्या. मी आता केबिन बॅगेत अगदी वर एक पिवळी कापडी पिशवी ठेवतो. बॅग मागितली की ती पिशवी उचलायची, विचार करायचा नाही. ऐन वेळी विचार केला की पॉवर बँक निघते आणि इन्सुलिन राहतं.

विमान चुकलं तर. वयस्क माणसं बरोबर असतील तर सरळ विमान घ्या, नाहीतर मध्ये दोन तास तरी ठेवा. पावणेचारशे डॉलरपैकी किती वाचले ते मी नंतर मोजलं नाही.

ओळखपत्र. ७ मे २०२५ पासून अमेरिकेत देशांतर्गत विमानालाही रिअल आयडी किंवा पासपोर्टसारखं मान्य ओळखपत्र मागतात. भारतातून आलेल्या आईबाबांचा मूळ पासपोर्ट जवळ हवा, मोबाइलमधला फोटो नव्हे. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे, कधी पहिल्या नावाला चिकटून येतं, तिथे घोटाळा होतो.

कार्ड गेलं तर. गाडी घेताना मुख्य ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्डाला बरेच ठिकाणी जादा अटी असतात. भाड्याखेरीज अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात, तेवढी जागा कार्डावर हवी. दुसरं कार्ड दुसऱ्या माणसाच्या पाकिटात.

ड्रायव्हर आजारी पडला तर. दुसरं नाव करारावर घालाच. नवराबायकोला काही कंपन्या फुकट घेतात, काही घेत नाहीत. विचारावं लागतं. पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी जादा आकार पडतो. भारतातून येणारा भाऊ-मेहुणा चालवणार असेल तर त्याने निघण्याआधी आरटीओमधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणावं. ते जास्तीत जास्त वर्षभर चालतं, आणि मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही.

टायर गेला तर. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, हवा भरायचं यंत्र असतं. काउंटर सोडायच्या आत डिकी उघडून बघा. त्याच वेळी चार जणांच्या बॅगा मावतात का तेही कळतं. बुकिंगवर जी गाडी दिसते तिच्याखाली बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' लिहिलेलं असतं, ते वाचा. घेताना आणि देताना गाडीचा व्हिडिओ काढा. परत देताना आम्हाला मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवला होता. बायकोने शांतपणे पहिल्या रात्रीचा व्हिडिओ दाखवला आणि विषय संपला.

फोन गेला तर. झायन ते ग्रँड कॅन्यन रस्त्यावर मैलोन् मैल सिग्नल नाही. नकाशे आधी उतरवून घ्या, हॉटेलांचे पत्ते कागदावर. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. आणि घड्याळ! उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच ॲरिझोनातलं नावाहो लोकांचं राज्य करतं. फोन कुठला टॉवर पकडेल त्यावर तो एक तास मागेपुढे उड्या मारतो. आम्ही पेजहून निघालो त्या दिवशी माझा फोन आणि बायकोचा फोन वेगवेगळी वेळ सांगत होते. शेवटी आम्ही आईच्या मनगटाला विचारलं.

एवढंच. या रकान्यातली प्रत्येक गोष्ट बघितली तर 'वाया' आहे. दुसरी बाटली बहुतेक वेळा तशीच घरी परत येते. दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे बहुतेक वेळा उगाच जातात. आपण हुशार माणसं, आपल्याला उगाच गेलेला पैसा दिसतो. न आलेलं संकट दिसत नाही.

ग्रँड कॅन्यनला आम्ही चौथ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. साउथ रिमची उंची दोन हजार मीटरच्या वर आहे, ऑक्टोबरात सूर्य कलला की गारठा पडतो. बाबा कठड्याशी उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. काही बोलले नाहीत. अंधार व्हायला लागला तसं आईने गाडीत बसून दिवा लावला, नारिंगी टोपी काढली, बाटली उलटी धरली आणि चौदाच्या खुणेपर्यंत औषध ओढलं. मग नेहमी करत नाही असं एक केलं. सिरिंज माझ्यापुढे धरली. "बघ रे, किती आहे?"

मी वाचलं. "चौदा."

"बाटली?"

"शंभरची."

"सिरिंज?"

"शंभरची."

बाबा म्हणाले, "झाली दुसरी लाइन चालू."

थंड पाऊच परतीच्या प्रवासात आईच्या मांडीवर होता. दुसरी छोटी पिशवी माझ्या कमरेला. गेटवर बॅगेला टॅग लावायला आले तेव्हा मी म्हटलं, खुशाल न्या.

शीट हवी असेल तर सांगा. पण आधी आईबाबांना फोन करा आणि त्यांच्या औषधाचं नाव विचारून घ्या. माझ्यासारखं दुकानात उभं राहून विचारू नका.